वही कोणी सांगायची?

किराणा दुकानदाराची पुंजी फळीवर कमी आणि उधारीत जास्त असते. मंगरूळपीरच्या आमच्या दुकानात "आज नगद, कल उधार" ही पाटी अब्बांच्या काळापासून टांगलेली आहे, आणि अब्बांच्या काळापासूनच लोक त्या पाटीखाली उभे राहून उधार नेत आले आहेत. पाटीला कोणी विचारत नाही. इथला सगळा हिशोब सोयाबीनवर चालतो. जूनमध्ये पेरणी होते तेव्हा घरातला होता नव्हता तो पैसा बियाण्यात आणि खतात जातो. सोयाबीन बाजार समितीत पोचेपर्यंत दिवाळी येते. मधल्या चार महिन्यांत तेल, साखर, चहापत्ती, साबण कोणीतरी पुरवावं लागतं. ते आम्ही पुरवतो, आणि आम्हाला अकोल्याचा ठोक व्यापारी पुरवतो. व्याज नसतं, कागद नसतो. जबान असते.

2022 साली बकरी ईद 10 जुलैला होती. ईद होऊन आठवडा उलटला असेल. मी अकोल्याहून मोटारसायकलने परत येत होतो. बार्शीटाकळी मागे पडलं, महान मागे पडलं. त्या जुलैत विदर्भात पाऊस अतोनात झाला, त्या रात्रीही थांबत नव्हता. पुढे एक ट्रॅक्टरची ट्रॉली होती, तिला मागे दिवा नव्हता. एवढंच आठवतं. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, मनगटही मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, मांडीत रॉड बसवला. सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, मग वॉकर, मग काठी. हाड पुरतं भरायला चार ते सहा महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी मनातल्या मनात मोजलं. सहा महिने म्हणजे जानेवारी. म्हणजे सगळा उधारीचा हंगाम आणि सगळा वसुलीचा हंगाम खाटेवर जाणार.

दुकान अकरा दिवस बंद होतं. बाराव्या दिवशी माझ्या बायकोने शटर उघडलं. याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. एक सांगतो. दरवर्षी मिलादच्या जलशात हजरत खदीजांच्या (र.) व्यापाराचं वर्णन आपण ऐकतो. त्यांचे काफिले, त्यांचा माल, त्यांची पारख. ऐकताना सगळे सुभानअल्लाह म्हणतात. असं वर्णन रंगवून करणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी माझ्या भावाला मशिदीबाहेर विचारलं, "घरच्या बाईला गल्ल्यावर बसवायची वेळ आली का?" भाऊ गप्प राहिला. मी ऐकलं तेव्हा मीही गप्प राहिलो, आणि खरं सांगायचं तर थोडा शरमलो. त्या शरमेची आता शरम वाटते.

तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन खाटेजवळ आली. वहीत सगळी उधारी मिळून 52 हजारांच्या आसपास होती. मी म्हणालो, "एवढीच नाही. 30 हजार तरी माझ्या डोक्यात आहेत." असं डोक्यात ठेवण्याची मला सवय होती, आणि त्याचा अभिमानही होता. कोणी दोन किलो साखर नेली, कोणी तेलाचं पाकीट नेलं, गर्दीत लिहायचं राहिलं, तरी मला आठवतं असं मी सांगत असे. आता दुखण्याच्या गोळ्यांनी डोकं जड झालेलं. मी नावं सांगू लागलो. तिने चार नावं लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"तुम्ही सांगणार आणि मी लिहिणार, आणि त्याने पैसे द्यायचे. त्याला कोणी विचारलं?"

मी चिडलो. घेणं माझं आहे, मी नाही सांगणार तर कोण सांगणार? तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून जो गिऱ्हाईक येई त्यालाच ती विचारू लागली, "भाऊ, तुमच्याकडे आमचे किती आहेत? तुम्हीच सांगा, मी लिहिते." जो जेवढं सांगे तेवढं ती लिही, वाचून दाखवी आणि त्याची सही घेई. सही येत नसेल तर अंगठा.

हे तिने कुठून काढलं, ते मला आठवड्याने कळलं. सूरह अल-बकराची 282वी आयत. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत, आणि ती उधारीच्या लिखापढीवर आहे. मी ती अनेकदा ऐकली होती. कर्ज लिहून ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हे मला माहीत होतं. त्यापुढची गोष्ट मात्र माझ्या कानावरून गेली होती. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्याने. घेणाऱ्याने नव्हे. देणाऱ्याने सांगावं, अल्लाहचं भय बाळगावं आणि त्यात काही कमी करू नये. तो दुबळा असेल किंवा सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावं.

विचार केला तर ही व्यवस्था व्यापाऱ्याच्या बुद्धीला उलटी वाटते. ज्याला कमी सांगण्यात फायदा आहे, त्याच्याच तोंडी मजकूर दिला आहे. पण उलट बाजूने पाहा. घेणारा बहुधा बलवान असतो. पैसा त्याचा, दुकान त्याचं, वही त्याची. त्यात सांगणाराही तोच झाला, तर देणाऱ्याला उरतं काय? आपल्या महाराष्ट्राने याचं उत्तर एकदा पाहिलं आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली. लूट झाली, जाळपोळ झाली, पण पुढे गावोगाव दंगे पसरले तेव्हा लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. माणसांना सहसा धक्का लावला नाही, कागद मात्र मागून घेऊन जाळले. ज्या कागदात काय लिहिलं आहे हे आपल्याला वाचता येत नाही, जो आपल्याला न विचारता लिहिला गेला, तो जाळण्याशिवाय त्यांना मार्ग दिसला नाही. पुढे 1879च्या दख्खन कृषक कायद्याने कोर्टाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा दिली. म्हणजे कुळालाही काही सांगायचं असू शकतं, हे तेव्हा सरकारने मानलं. मी सावकार नाही, व्याज घेत नाही. तरी माझ्या डोक्यातले 30 हजार हा असा कागद होता की तो माझ्याशिवाय कोणालाच वाचता येत नव्हता.

याच आयतीत साक्षीदारांचा भाग आहे. दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया. याच वाक्यावरून स्त्रीची साक्ष अर्धी असं आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं. फजलुर रहमान यांच्यासारख्या अभ्यासकांनी म्हटलं आहे की, ही तरतूद आर्थिक व्यवहारापुरती आहे आणि स्त्रियांना त्या काळी अशा व्यवहाराची सवय नव्हती म्हणून आहे. असगर अली इंजिनीयर यांनीही आयतीचा संदर्भ सोडून सरसकट नियम काढू नये असंच मांडलं. मी आलिम नाही, या वादात उतरत नाही. फक्त नोंदवून ठेवतो की माझ्या घरात ही आयत अमलात आणली ती एका बाईने, एकटीने. आणि मी, व्यवहाराची तीस वर्षं सवय असलेला पुरुष, खाटेवरून तिला चुकीची आकडेवारी सांगत होतो.

चुकीची हे मी नंतर म्हणतो आहे. तेव्हा मला सगळे आकडे बरोबरच वाटत होते. रोज रात्री ती वही दाखवी आणि मी माझ्या आठवणीशी ताडून पाही. काहींनी माझ्यापेक्षा कमी सांगितलं होतं. काहींनी बरोबर तेवढंच. तिघांनी जास्त सांगितलं, ते मला आठवतच नव्हतं. एका तरुण पोरावर माझे चौदाशे होते, मी शपथेवर सांगितलं असतं. तो म्हणाला, "भाभी, माह्याकडे नऊशे निंगतात, लिवा." तिने नऊशे लिहिले. मी रात्रभर त्या पाचशेंसाठी तळमळलो. मांडीत रॉड आणि डोक्यात पाचशे रुपये.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. 282च्या दोन आयती आधी 280वी आहे. देणारा तंगीत असेल तर त्याची तंगी हटेपर्यंत मुदत द्या, आणि सोडूनच दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. यावर हदीसही आहे. एक व्यापारी लोकांना उधार देई आणि आपल्या नोकरांना सांगे की, कोणी अडचणीत दिसला तर त्याला सोडून द्या, त्याच गोष्टीवर अल्लाहने त्याला माफ केलं. हे सगळं मी मनापासून मानतो. पण ऑपरेशनचं बिल भरायला बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. अकोल्याच्या व्यापाऱ्याचं देणं डोक्यावर होतं. अशा वेळी घेणाराच तंगीत असेल तर? मुदत देण्याचा हुकूम तेव्हाही लागू आहे का?

मी मशिदीच्या इमामसाहेबांना विचारलं. ते खाटेशी बसले, हळू बोलले. म्हणाले, तुमचा हक्क तुमचा आहे, मागायला मनाई नाही. पण ज्याच्याकडे खरंच नाही त्याच्यावर जबरदस्ती करू नका, तुमची गरज कितीही असो. उत्तर स्पष्ट होतं. अडचण अशी की मागणं कुठे संपतं आणि जबरदस्ती कुठे सुरू होते, ते आधी कळत नाही.

माझ्याबाबतीत ते असं झालं. पोळ्याच्या सुमारास शेतात निंदायला जाणाऱ्या एका बाईने आपले 2,300 रुपये एकरकमी आणून दिले. हंगाम नसताना. मी खुश झालो. बायकोला म्हणालो, पाहा, इमानदार माणसं आहेत. पंधरा दिवसांनी कळलं की तिने शेळी विकली. गाभण शेळी. तिला मी मागितले नव्हते, बायकोनेही मागितले नव्हते. पण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की दुकानदार मोडून पडला आहे. मी खाटेवर होतो आणि माझा मोडलेला पाय वसुलीला घरोघर फिरत होता. ही जबरदस्ती नाही असं मी म्हणू शकतो. तिने स्वखुशीने दिलं असंही म्हणू शकतो. दोन्ही म्हणून पाहिलं, दोन्हीने समाधान झालं नाही.

बायकोने त्यातले हजार तिला परत देऊ केले, दिवाळीनंतर दे म्हणाली. तिने घेतले नाहीत. "फिटलं ते फिटलं भाभी," म्हणाली, आणि वहीत जमा लिहिल्याचं वाचून दाखवायला लावलं. मग मला हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) आठवले. मक्केहून सगळं टाकून ते मदिनेत आले. अन्सारांपैकी साद बिन रबी (र.) यांनी आपली अर्धी मालमत्ता त्यांना देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि विचारलं, बाजार कुठे आहे? पनीर आणि तूप विकून सुरुवात केली. हा प्रसंग खुद्दारीवरच्या प्रत्येक भाषणात येतो. त्याच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. उहुदच्या लढाईत त्यांना अनेक जखमा झाल्या, पायाला झालेल्या जखमेमुळे ते पुढे कायम लंगडत चालत. मदिनेचा तो मोठा व्यापारी लंगडा होता. खाटेवर मला त्यांच्या संपत्तीपेक्षा त्यांच्या चालण्याचाच विचार जास्त येई. मी स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहत होतो. पण त्या शेळीवाल्या बाईनंतर वाटलं की आमच्या गल्लीत बाजाराचा रस्ता विचारणारी ती होती, मी नव्हतो.

इयादतीचंही असंच. आजाऱ्याला भेटायला जाणं हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे. आमच्याकडे भेटायला हिंदू-मुसलमान दोन्ही आले, खेड्यांवरून आले, केळी आणि बिस्किटं घेऊन आले. खोली भरलेली असे. महिन्याने माझ्या लक्षात आलं की जे रोज दुकानात बसून चहा प्यायचे त्यांपैकी काहीजण एकदाही आले नाहीत. मला राग आला. बायकोने नावं वहीशी ताडली. त्यातल्या बहुतेकांची बाकी मोठी होती. ते माझ्यामुळे नव्हे, बाकीमुळे येत नव्हते. रिकाम्या हाताने आजाऱ्याच्या घरी कसं जायचं, आणि हातात केळी घेऊन गेलो तर तो म्हणेल, केळ्याला पैसे आहेत आणि माझे द्यायला नाहीत. उधारीने माझी माणसंच अडवून ठेवली होती. मी मुलाला पाठवून निरोप दिले की या, पैशाचं नाव निघणार नाही. दोघे आले. बाकीचे सोयाबीन विकल्यावरच आले. त्यांना दोष देता येत नाही. पैगंबरांनी (स.) एका मृताच्या जनाजाची नमाज, त्याच्यावर दोन दीनारांचं देणं आहे हे कळल्यावर, पढवायचं थांबवलं होतं. अबू कतादा (र.) यांनी ते देणं आपल्यावर घेतलं तेव्हा पढवली. देण्याचा हा धाक आपल्यात खोल आहे. आणि त्याच पैगंबरांचं (स.) चिलखत त्यांच्या वफातीच्या वेळी एका यहुदी व्यापाऱ्याकडे गहाण होतं. घरासाठी घेतलेल्या जवाच्या बदल्यात. म्हणजे किराण्याच्या उधारीसाठीच. उधार घेण्यात शरम नाही, हे त्यांच्याइतकं स्पष्ट कोणी सांगितलं असेल? तरी आम्ही शरमतो, आणि माझ्यासारखे दुकानदार त्या शरमेवरच वसुली करतात.

सप्टेंबरात अकोल्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. हा माणूस दर आठवड्याला फोन करी, पाय कसा आहे विचारी, पैशाचा शब्द काढत नसे. त्या न काढलेल्या शब्दाचं ओझं मागण्यापेक्षा जास्त होतं. त्या दिवशी मीच विषय काढला. बायको बाजूला बसली होती, तिने वहीचं कोरं पान पुढे केलं. यावेळी देणारा मी होतो, म्हणून सांगायचं मलाच होतं. मी ठामपणे सांगितलं, 61 हजार. फोनवर जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "भाईजान, माझ्याकडे 64,400 दिसतात, पण तुम्ही म्हणता तर पाहू." मी म्हणालो, बिलं पाठवा. मुलाच्या मोबाइलवर बिलांचे फोटो आले. बकरी ईदच्या आधी मी तेलाचा एक डबा आणि थोडा सुका मेवा जास्त उचलला होता. सही माझीच. मला काही केल्या आठवेना. अजूनही आठवत नाही.

मी खोटं बोललो नव्हतो. हे मला नीट सांगायचं आहे, कारण त्यातच सगळं आहे. 61 हजार सांगताना माझ्या मनात लबाडीचा लवलेश नव्हता. घेण्याचे आकडे माझ्या डोक्यात वाढलेले होते आणि देण्याचे घटलेले, आणि दोन्ही मला सारखेच खरे वाटत होते. मग तो नऊशेवाला पोरगाही खोटं बोलला नसेल. किंवा बोलला असेल. हे ठरवायला माझ्याकडे माझ्या डोक्याशिवाय दुसरं साधन नव्हतं, आणि त्या डोक्याची किंमत आता मला कळली होती.

कोणी म्हणेल, मग देणाऱ्याचं डोकं तरी कुठे विश्वासाचं? बरोबर आहे. आयतही त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवायला सांगत नाही. लिहिणारा तिसरा असावा, त्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार असावेत, असं सांगते. मुद्दा एवढाच की बोलण्याचा पहिला मान कोणाला. जो पहिल्यांदा आकडा बोलतो तो व्यवहाराचा मालक होतो. माझ्या दुकानात तीस वर्षं तो मीच होतो, आणि ते मला दिसलंही नव्हतं. दिसायला खाटेवर पडावं लागलं.

अपघाताच्या भरपाईचा दावा करताना हाच प्रश्न पुन्हा समोर आला. उत्पन्न किती ते लिहायचं होतं. मदत करणाऱ्या एका ओळखीच्याने सुचवलं की दुप्पट लिहा, किराणा दुकानाचं उत्पन्न कोण तपासतो. सुप्रीम कोर्टाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात म्हटलं आहे की, शरीराचं अपंगत्व किती टक्के यावर भरपाई ठरत नाही, त्या माणसाच्या त्या कामावर किती परिणाम झाला ते पाहावं. हात गेलेल्या सुताराचं नुकसान आणि हात गेलेल्या कारकुनाचं नुकसान सारखं नसतं. मग माझं नुकसान किती? दुकान तर चालू होतं. सप्टेंबरात विक्री मागच्या वर्षीपेक्षा फार कमी नव्हती. हे मला कोर्टाला सांगायचं नव्हतं, आणि त्याहून जास्त स्वतःला सांगायचं नव्हतं. आम्ही खरं उत्पन्न लिहिलं. बायको दुकान चालवते हेही लिहिलं. वकिलांना ते आवडलं नाही.

नोव्हेंबरात मी काठी घेऊन दुकानात जाऊ लागलो. गल्ल्यावर नाही, बाजूच्या स्टुलावर. गल्ल्यावर तीच बसे. गिऱ्हाईकं माझी तब्येत विचारत आणि हिशोबासाठी तिच्याकडे वळत. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "भाभीची वही बरी हाय बाप्पा, वाचून दाखवते." मी हसलो. बरं वाटलं आणि नाहीही वाटलं. मी पुरता बरा झालो की ती पुन्हा घरात जाणार का, हा प्रश्न घरात कोणी काढला नव्हता. मीही नाही.

सोयाबीन त्या साली पावसाने बरंच मार खाल्लेलं होतं. तरी पैसे येत होते, थोडे थोडे. एका संध्याकाळी तो पोरगा आला. पाचशेची एक नोट आणि शंभराच्या चार काउंटरवर ठेवल्या. "चाचा, पाय कसा हाय आता?" मी म्हणालो, ठीक आहे. तिने नाव काढलं, नऊशे जमा लिहिले, वाचून दाखवले आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्याने सही केली. मी वहीकडे पाहत होतो, ती माझ्याकडे पाहत होती.

"एक किलो साखर द्या," तो म्हणाला. "नगद."

तिने साखरेचं पोतं उघडलं आणि काटा माझ्याकडे सरकवला.